ब्रिटनच्या जुन्या पबमध्ये एल आणि माल्ट: मागवायचं कसं, बिघडलेलं ओळखायचं कसं?

पलसीकर_कॉलनी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही चौघं इंदूरहून लंडन, यॉर्क आणि एडिंबरा असे बारा दिवस निघतोय. किल्ले, संग्रहालयं सगळं ठरलंय. पण दोघांना जुन्या पबमध्ये निवांत बसून एल (तिथली पारंपरिक बिअर) आणि माल्ट व्हिस्की चाखायची आहे, आणि त्यातलं आम्हाला काहीही कळत नाही. इथे मायक्रोब्रुअरीतली गार गव्हाची बिअर आणि घरी सोड्यातली ब्लेंडेड व्हिस्की, एवढीच आमची मजल.

अडलंय ते असं. तिथली 'रिअल एल' कोमट आणि बिनफेसाची असते म्हणतात. मग ती तशीच असायची की बिघडली आहे, हे ओळखायचं कसं? वेटर येत नाही तर ऑर्डर कुणाला द्यायची? पेग केवढा मिळतो? एवढ्या माल्टमधून सुरुवात कुठून, बर्फ चालतो का? आणि एक जण पक्का शाकाहारी आहे, त्याने तिथे काय खायचं? "जाऊन बघा, कळेल" असं मात्र सांगू नका भिया, पाइंट स्वस्त नाही.

तळघर_आणि_पिंप

आधी 'कोमट' म्हणजे किती ते बघू. पबच्या तळघराचं तापमान ११ ते १३ अंश ठेवतात आणि एल जवळपास त्याच तापमानाला ग्लासात येते. मे महिन्यात आपल्या माठातलं पाणीसुद्धा याच्या दुप्पट गरम असतं. ४ अंशांच्या लागरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या गार बिअरला, सरावलेल्या जिभेला १२ अंश कोमट लागतात, बस. शिवाय एलचं सगळं काम वासावर आणि माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) गोडव्यावर चालतं. ती फ्रीजइतकी गार केली की दोन्ही दबतात आणि उरतो नुसता कडवटपणा.

आता फेस. रिअल एल ब्रुअरीतून न गाळता, पाश्चराइज न करता पिंपात भरून येते. आत यीस्ट जिवंत असतं, थोडी साखर शिल्लक असते, आणि उरलेलं आंबणं पिंपातच पूर्ण होतं. त्यातून जो वायू विरघळतो तेवढाच तिचा. बाहेरून कार्बन डायऑक्साइड दाबून भरत नाहीत. 'रिअल एल' हा शब्द रुजवला तो १९७१ साली स्थापन झालेल्या कॅम्रा या ग्राहकसंघटनेने, आणि त्यांची व्याख्या हीच. लागरच्या मानाने वायू निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून ती सुरसुरत नाही, पण जिभेवर हलकी चुणचुण हवीच. ती अजिबात नसेल तर पिंप जुनं झालंय.

मुद्दा असा की ही बिअर ब्रुअरीत अर्धीच तयार होते. उरलेलं काम पबवाला तळघरात करतो, त्यामुळे एकाच ब्रुअरीची एकच एल शेजारशेजारच्या दोन पबमध्ये वेगळी लागते. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन: ९ गॅलन, सुमारे ४१ लिटर, ७२ पाइंट. ते घोडीवर आडवं ठेवतात आणि हलू नये म्हणून पाचरी मारतात. वरच्या बुचात मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू हळूहळू निघतो. तो निघायचा थांबला की कडक खुंटी, म्हणजे उरलेला आतच राहील. गाळ तळाशी बसायला साधारण एक-दोन दिवस लागतात. मग पुढच्या बुचात तोटी ठोकायची. एल ओढली जाते तसतशी पिंपात हवा शिरते, आणि घड्याळ तिथून सुरू होतं: तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे. पाचव्या दिवशी तीच एल सपाट आणि आंबूस.

म्हणून पब निवडताना माझा पहिला निकष गर्दी. दहा हँडपंप आणि चार गिऱ्हाईकं असा पब मी तरी टाळीन. तीन पंप आणि भरलेलं दुकान केव्हाही बरं. दाराशी 'कास्क मार्क'ची पाटी असेल तर तिथल्या एलची तपासणी झालेली असते, तेवढा भरवसा धरायला हरकत नाही.

काउंटरवर उंच लाकडी किंवा चिनीमातीच्या मुठी दिसतात ते हँडपंप. तिथून येते ती रिअल एल. बुटके चकचकीत नळ म्हणजे केग, गार आणि वायूच्या दाबावरची. मुठीवर एलच्या नावाची पट्टी असते. ती उलटी फिरवलेली दिसली तर ते पिंप संपलंय किंवा अजून तयार नाही. पट्टीवरचे अल्कोहोलचे टक्के वाचायची सवय लावा. 'माइल्ड' ३ ते ३.६, साधी 'बिटर' ३.५ ते ४, 'बेस्ट बिटर' ४ च्या पुढे. लंडनमध्ये हमखास दिसणारी लंडन प्राइड ४.१, हार्वीजची ससेक्स बेस्ट ४, फुलर्सची ईएसबी ५.५, यॉर्कशरची ओल्ड पिक्युलिअर ५.६. शेवटच्या दोन संध्याकाळच्या सुरुवातीला घेऊ नका. ३.४ टक्क्यांच्या एल हल्ली जास्त दिसतात, कारण ऑगस्ट २०२३ पासून ३.५ च्या खालच्या बिअरला कर कमी बसतो. पहिल्या दिवशी त्याच बऱ्या.

आता बिघाड. एल सहसा पाच तऱ्हांनी चुकते:

व्हिनेगरचा वास आणि घशाला आंबट चटका: हवा लागून जिवाणू शिरलेत. सरळ परत.
ओल्या पुठ्ठ्याची चव: जुनी झाली, ऑक्सिजन लागला. परत.
लोणी किंवा बटरस्कॉच: डायअॅसिटिल, आंबताना तयार होणारं एक रसायन. काही ब्रुअरींच्या एलमध्ये थोडा मुद्दाम असतो, पण तोंडात तुपकट थर राहिला तर दोषच.
गढूळपणा: याचं थोडं नाजूक आहे. पट्टीवर 'अनफाइन्ड' (न निवळलेली) लिहिलं असेल तर ती गढूळच असते. तसं नसेल आणि चवही यीस्टची, करकरीत असेल तर पिंप हललंय किंवा तळाला आलंय.
चव ठीक पण मेलेली: रात्रभर नळीत पडून राहिलेली बिअर. पंपाच्या सिलिंडरमध्येच अर्धा पाइंट असतो, वर तळघरापासूनची नळी. चांगला पबवाला सकाळी ती काढून टाकतो. सगळे काढतातच असं नाही, म्हणून दार उघडल्या उघडल्या पहिला पाइंट आपण घेऊ नये.

परत करायला लाजू नका. दोन घोट झाल्यावरच जा, अर्धा ग्लास संपवून नव्हे. "ही थोडी आंबट लागतेय, बघता का?" एवढं पुरतं. बारवाला वास घेईल, बदलून देईल आणि बहुधा ती पट्टी उलटी फिरवेल. फक्त "कोमट आहे" म्हणून परत केलीत तर मात्र तो इंदूरवर राग काढेल.

रामबागकर

वरच्याला संपूर्ण अनुमोदन. ऑर्डरचं मी सांगतो.

टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर तिसऱ्या दिवशीही तिथेच असाल. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास स्वतः उचलून आणायचे. रांग दिसत नाही पण असते: तुमच्या आधी कोण आलं ते तुम्ही लक्षात ठेवायचं, बारवालाही ठेवतो. नोट हलवणं, टिचकी वाजवणं, "ओ दादा" अशी हाळी, यातलं काही करू नका. नजर भिडली की काम झालं. चौघं असाल तर एकाने चौघांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. काउंटरवर टिप ठेवायची पद्धत नाही.

मोजमाप: पाइंट ५६८ मिली, हाफ २८४, शिवाय एक तृतीयांश पाइंटही कायदेशीर माप आहे. एक तृतीयांशचे तीन ग्लास एकत्र देणारे पब असतात, चाखायला उत्तम. मागितलं तर बोटभर घोट चाखायलाही देतात. एक-दोन मागा, सात नको. ग्लास काठोकाठ मापाचा असेल तर फेस त्या मापातच जातो. फेस फारच असला तर "टॉप अप" म्हणा, भरून देतात.

एक पोटप्रश्न, म्हणजे अक्षरशः पोटाचा: स्वयंपाकघर पबच्या बरंच आधी बंद होतं. आपल्या इंदूरच्या सराफ्यासारखं रात्री बाराला खायला मिळेल हे विसरा. आधी जेवण मागवा, मग गप्पा. परंपरेने अकराच्या सुमाराला घंटा वाजते ती शेवटच्या ऑर्डरची. त्यानंतर ग्लास संपवायला थोडा वेळ देतात, नवीन देत नाहीत.

पासपोर्ट किंवा फोटो ओळखपत्र जवळ ठेवा. वयाची अट १८ ची आहे, पण पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कुणालाही विचारायची पद्धत आहे.

लंडनमध्ये नुसती इमारत बघायची तर सदर्कचा 'द जॉर्ज': सतराव्या शतकातली गॅलऱ्यांची सराय, लंडनमध्ये अशी ही एकच उरली आहे आणि मालकी नॅशनल ट्रस्टची. एलसाठी मात्र मी तिथून चालत टॅबर्ड स्ट्रीटवरच्या 'रॉयल ओक'ला पाठवीन, तिथे हार्वीजची एल असते. फ्लीट स्ट्रीटचा 'चेशर चीज' १६६७ साली पुन्हा बांधलेला, सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीचा. त्यांच्या पबमध्ये मोबाइलला मज्जाव आहे. फोन बाहेर काढाल तर बारवाला बोलेल, वाईट वाटून घेऊ नका.

आणि यॉर्कमध्ये दाट साईसारखा फेस आला तर पंपाच्या तोंडाशी लावलेली बारीक भोकांची चकती, 'स्पार्कलर', काढायला सांगा. त्या चकतीने एलमधला वायू फेसात निघून जातो.

तळघर_आणि_पिंप

शेवटच्या ओळीवर कडक आक्षेप! यॉर्कशरच्या एल चकतीच्या हिशोबानेच बनवतात. कडवटपणा थोडा फेसात ओढला जातो, खाली माल्ट मऊ लागतं. तिथे चकती काढायला सांगणं म्हणजे पोह्यांवरची सेव परत करणं. लंडनमध्ये कुणी लावलीच तर खुशाल काढायला सांगा, दक्षिणेच्या एलना ती शोभत नाही.

रामबागकर

सेव परत करणारे लोकही आहेत हो इंदुरात. पण ठीक, यॉर्कमध्ये एक हाफ चकतीसकट आणि एक चकतीशिवाय घेऊन त्यांनाच ठरवू दे.

जेलरोडचा_जावई

माल्टचं माझ्याकडे लागलं.

पेग २५ मिली किंवा ३५ मिली. कोणता ते पबने ठरवायचं आणि तशी पाटी लावायची. बारच्या मागे बारीक अक्षरात असते. आपल्या ३०-६० च्या सवयीने २५ मिली म्हणजे ग्लास ओला झाल्यासारखा वाटतो. डबल मागितलंत तर ५० किंवा ७०. पण एल आणि व्हिस्की दोन्ही घेणार असाल तर आधी हा हिशोब करा: ४ टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे २३ मिली. आपली ४२.८ टक्क्यांची ६० मिली म्हणजे सुमारे २६ मिली. म्हणजे एक पाइंट जवळपास आपल्या एका मोठ्या पेगइतका, आणि 'बिअरच तर आहे' म्हणत तीन पाइंटनंतर माल्टकडे वळणाऱ्याची जीभ तेव्हा काही सांगायच्या स्थितीत नसते. माल्ट चाखायची संध्याकाळ वेगळी ठेवा, किंवा एल हाफवर थांबवा.

स्कॉटलंडची जुनी जोडी नेमकी तशीच: एक हाफ एल आणि शेजारी एक छोटी व्हिस्की, तिथल्या बोलीत 'हाफ अँड अ हाफ'. एकमेकांत ओतायची नाही! आळीपाळीने घोट. एल निवडताना स्कॉटलंडची 'हेवी' किंवा 'एटी शिलिंग' घ्या ('शिलिंग'चं नाव जुन्या काळी पिंपाच्या किमतीवरून पडलेलं), माल्टकडे झुकणारी, हॉप्स (बिअर कडू करणारी फुलं) कमी. खूप हॉप्सवाली आयपीए आणि धुराची माल्ट एकत्र घेतली तर दोन्ही कडू होतात.

स्कॉचचे पाचही प्रदेश एका बैठकीत उरकायचा अट्टाहास नको. तीन पुरे, आणि हलक्याकडून धुराकडे:

पहिली लोलँड. ऑकेंटॉशन तीनदा ऊर्ध्वपातित, हलकी, फुलांकडे झुकणारी. एडिंबराजवळचीच हवी तर ग्लेनकिंची.
दुसरी स्पेसाइड, शेरीच्या (स्पेनच्या एका वाइनच्या) पिंपातली. ग्लेनफार्क्लास मिळाली तर तीच. मनुका, खजूर, फ्रूटकेक.
तिसरी आयला बेटाची. इथे पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर. लाफ्रोएगचा पहिला वास इंदूरच्या कुणालाही डेटॉल आणि होळीच्या राखेचा येईल, आणि तो तसाच असतो. धूर नको पण बेट हवं असेल तर बुनाहाव्हन, तिच्या बहुतेक व्हिस्की बिनधुराच्या. क्रम उलटा केलात तर लाफ्रोएगनंतरची लोलँड पाण्यासारखी लागेल.

पाणी घाला, जरूर घाला. काउंटरवर पाण्याचा जग असतो. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीला चमच्याने थेंब-थेंब. कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून पाणी न मिसळता भरलेली) असेल, समजा ५८ टक्के, तर २५ मिलीत ५ मिली पाणी घातल्यावर ती ४८ वर येते आणि १० मिली घातल्यावर ४१ वर. याला नुसती चैन म्हणू नका: २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं की पाणी वाढलं की धुराच्या वासाचे ग्वायकॉलसारखे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात, जिथून ते नाकापर्यंत पोचतात. बर्फाने उलट होतं, गारठ्याने वास बसतो. सोड्याची सवय असेल तर ब्लेंडेड घ्या आणि मजेत सोडा घाला. कुणी हसणार नाही. २५ वर्षांच्या माल्टमध्ये सोडा मात्र पैशाचा अपमान.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा मागा. नाक आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून कडेशी वास घ्या, नाहीतर अल्कोहोलच चावेल.

एक गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत: बाटलीची पातळी. शेकडो बाटल्या असलेल्या पबमध्ये कमी खपणारी बाटली वर्ष-दोन वर्षं उघडी असू शकते. तळाला बोट-दोन बोटं उरलेली महागडी बाटली हवेने थकलेली असते. अर्ध्याच्या वर भरलेली दाखवून तीच मागा. आणि रंगावर जाऊ नका, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग कायद्याने चालतो. लेबलवरचं वय मात्र खरं, ते आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. वय लिहिलेलं नसलं तरी ओकच्या पिंपातली तीन वर्षं सक्तीची आहेत.

एडिंबरात वेस्ट बोवरचा 'बो बार': भिंतभर माल्ट आणि एल ओढायला स्कॉटलंडचे जुने उंच खांब, हवेच्या दाबावर चालणारे. छोटा आहे, दुपारी तीन-चारला जा. ग्लासगोला एक दिवस निघालात तर होप स्ट्रीटचा 'पॉट स्टिल'.

गाडी भाड्याने घेणार असाल तर प्याल त्या दिवशी चालवायची नाही. इंग्लंडची मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिग्रॅ आहे, स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ पासून ती ५० वर आणली.

छप्पन_दुकान

शाकाहाऱ्यासाठी. आधी बिअरबद्दलच, कारण हे सहसा कुणी सांगत नाही: पिंपातली एल निवळायला बहुतेक ठिकाणी आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं प्रथिन. गाळाबरोबर ते तळाला बसतं, पण वापरलेलं असतंच. ज्याला हे चालणार नाही त्याने 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' लिहिलेली एल मागावी, थोडी गढूळ येईल. तुमचा शाकाहारी पीत नसेल तर प्रश्न मिटला, पण घेणाऱ्यांपैकी कुणी पाळत असेल तर आधी विचारा. व्हिस्कीत ही भानगड नाही.

खाण्यात फसवणारे पदार्थ: 'पोर्क स्क्रॅचिंग्ज' नावातच सांगतं. 'स्कॉच एग'भोवती सॉसेजचा खिमा असतो. साध्या चिप्स (आपल्या फ्रेंच फ्राइज) उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, गाईच्या चरबीत तळलेल्या असू शकतात, "बीफ ड्रिपिंग?" एवढे दोनच शब्द विचारा. 'स्टेक अँड एल पाय' म्हणजेही गोमांस. वूस्टर सॉसच्या वेफर्समध्ये मासा असू शकतो, पाकिटावर वाचा.

बिनधास्त चालणारं: खारे शेंगदाणे, साधे मिठाचे वेफर्स, चीज-कांद्याचे वेफर्स (कडक पाळणाऱ्याने पाकिटावरची शाकाहाराची खूण बघावी). 'प्लाउमन्स लंच' म्हणजे पाव, चेडरचा ठोकळा, लोणचं, कांदा. ते हॅमशिवाय मागायचं, आणि बेस्ट बिटरबरोबर ते छान जमतं. एडिंबरात शाकाहारी हॅगिस सर्रास मिळतो: ओट्स, डाळी, मिरपूड, सोबत सलगम आणि बटाटा. तिखटाच्या अपेक्षेने जाऊ नका. पिशवीत लसणाची सेव न्या, पण पबमध्ये पाकीट फोडू नका; बाहेरचं खाणं तिथे चालत नाही.

पलसीकर_कॉलनी

बाप रे, वही काढावी लागली. सगळ्यांचे आभार. दोन शंका: सप्टेंबरपर्यंत इथे थोडी तालीम करता येईल का? आणि येताना बाटल्या किती आणता येतात?

तळघर_आणि_पिंप

तालीम करा. पिंपातली एल इथे मिळणार नाही: एका पिंपाला रोज चोवीस पाइंट खपायला हवेत, आणि ब्रुअरीपासून ग्लासपर्यंत कुठेही १३ अंशांच्या फार वर जाता कामा नये. आपल्या मायक्रोब्रुअरीत बिअर टाकीतून वायूच्या दाबावर येते. ताजी असते, जात वेगळी. पण तापमानाचा सराव जमेल. तिथली एखादी एल किंवा स्टाउट मागवा आणि अर्धी लगेच प्या, उरलेली ग्लासात पंधरा-वीस मिनिटं ठेवून. घरी एलची बाटली फ्रीजमधून काढून ठेवा: उन्हाळ्यात साधारण २०-२५ मिनिटं, पावसाळ्यात अर्धा तास. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर १२ ला थांबा. गव्हाच्या बिअरवर हा प्रयोग करू नका, ती गारच बरी.

जेलरोडचा_जावई

माल्टसाठी भारतातलीच अमृत घ्या. २००४ साली तिची सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती थेट ग्लासगोत. बंगळुरूच्या उन्हात पिंपातली दहा टक्क्यांच्या आसपास व्हिस्की दरवर्षी उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के, म्हणून कमी वर्षांतही ती भरीव लागते. 'इंद्री'ही चांगली. नाव ऐकून आपल्याकडची समजू नका, ती हरयाणातल्या इंद्री गावची. २५ मिली मोजून घ्या, बाजूला पाणी आणि चमचा ठेवा, सोडा कपाटात ठेवा.

बाटल्या माणशी दोन लिटर करमुक्त, म्हणजे ७०० मिलीच्या दोन आरामात. तिसरी घेतलीत तर मर्यादेबाहेर जाता. दिल्ली किंवा मुंबईला उतरून इंदूरचं विमान पकडाल तेव्हा कस्टम्सनंतर बाटल्या हातातल्या पिशवीत ठेवू नका. देशांतर्गत सुरक्षा तपासणीत अडकतात. बॅग पुन्हा जमा करण्याआधी त्या मोज्यांत गुंडाळून आत टाका.

छप्पन_दुकान

मोजे जाडे घ्या. दोन बाटल्या एकमेकींना टेकल्या तर बेल्टवरच फुटतात, मधे स्वेटर ठेवा.